तीनशे उंबऱ्यांचा राजवाडा

एका गावात एक राजवाडा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, राजवाडा तर आमच्याही गावात नाही. अहो, तुमच्या गावात तो मुळातच नाही. या गावात तो होऊन गेला होता, आणि तो नसल्याचं रोज दिसायचं. गावाच्या पश्चिमेला एक मोकळा माळ होता. तिथे ना भिंत, ना जोतं, ना एक वीट. पण उन्हं कलली की त्या रिकाम्या माळावर सावली पडायची. कमानींची, सज्जांची, उंच माडीची सावली. वर बघावं तर नुसतं आभाळ.

ती सावली लांब होत होत गावात शिरायची, घरांच्या दारापर्यंत यायची आणि उंबऱ्यापाशी थांबायची. आत कधी आली नाही. दिवस मावळला की निघून जायची. त्या वेळेला बायका अंगणातलं वाळवण आवरायच्या, गुरं माळ सोडून वळसा घालून घरी यायची, आणि कोणी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. माणसाला भुताचीसुद्धा सवय होते, त्याला काय करणार!

गावाची आणखी एक रीत होती. राजाचा शिपाई असो, कारभारी असो, नाही तर खुद्द राजा असो, त्यानं कोणाच्याही उंबऱ्याबाहेर थांबायचं, हाक मारायची, आणि आतून "या" म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. उंबऱ्याबाहेर राज्य राजाचं, उंबऱ्याच्या आत घरधन्याचं. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आजा तसं वागत होता, बाप तसं वागत होता, म्हणून लेकही तसाच वागायचा.

या रीतीनं एक माणूस मात्र रोज जळत होता. तो म्हणजे गावचा नवा राजा. तो डेऱ्यात राहायचा. लोक त्याला मुजरा करायचे नाहीत. रस्त्यात भेटला तर "रामराम" म्हणायचे आणि पुढे जायचे. मुजरा राजवाड्यात करायचा असतो, आणि राजवाडा कुठे आहे? त्यानं एकदा हौसेनं नवा वाडा बांधला, तर लोक म्हणाले, "छान घर बांधलंत हो!" राजाचं तोंड एवढंसं झालं. त्यानं तो वाडा रागारागानं पाडून टाकला.

राजाच्या दफ्तरात एक जुना कागद होता. त्यावर एवढंच लिहिलं होतं: 'राजवाडा तीनशे उंबऱ्यांचा. जळाला नाही, बुडाला नाही, शत्रूनं पाडला नाही. तीनशे जण आले आणि वाडा गेला.' राजाच्या पंडितांनी या कागदावर डोकी झिजवली. तीनशे उंबरे म्हणजे तीनशे दालनं, असा त्यांनी अर्थ लावला. आपण नाही का म्हणत, अमकं गाव दोनशे उंबऱ्यांचं, म्हणजे दोनशे घरांचं? तसंच हे. मग तीनशे दालनांचा पाया शोधायला त्यांनी सगळा माळ खणला. हाती लागली ती माती. शेवटी राजानं तो कागद गावभर वाचून दाखवला आणि दवंडी पिटवली, "जो कोणी राजवाड्याचा एक दगड ओळखून देईल, त्याला गावात दगडी घर बांधून मिळेल."

ही दवंडी ओढ्यापलीकडच्या एका पालात भिवरानं ऐकली.

भिवरा पाथरवटीण होती. नवरा खाणीत दगडाखाली सापडून गेला, तेव्हापासून ती एकटीच छन्नी-हातोडा घेऊन गावात फिरायची आणि घरोघरच्या जात्यांना, पाट्यांना टाकी लावून द्यायची. जातं गुळगुळीत झालं की दळत नाही, त्याला पुन्हा खडबडीत करावं लागतं, ते तिचं काम. गावातलं असं एक घर नव्हतं जिथलं पीठ तिच्या हाताशिवाय पडत होतं, आणि असं एकही घर नव्हतं जिथे तिला आत घेत होते. जातं अंगणात आणून ठेवायचे. भाकरी बाहेर ठेवायचे. "उंबऱ्याच्या अलीकडं बस गं," एवढंच तिनं जन्मभर ऐकलं होतं.

आणि तिची लेक रंगू पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. माहेर म्हणजे काय, तर चार काठ्या आणि वर फाटकं घोंगडं. वारा सुटला की आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. याच पालात भिवराची दोन पोरं गेली होती, एक थंडीनं आणि एक साप चावून. रंगूचं तसं व्हायला नको, म्हणून तिचा जीव रात्रंदिवस टांगणीला लागला होता. तिला दगडी घर हवं होतं, आणि त्याला उंबरा हवा होता. दुसरं काही तिनं देवाकडे मागितलं नव्हतं.

एके दिवशी भरदुपारी भिवरा सगुणाबाईच्या अंगणात जातं टाकीत बसली होती. ही सगुणाबाई तांबटाची बायको, तोंडानं फटकळ, पण भाकरीवर लोणच्याची फोड न विसरता ठेवणारी. तिच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागली होती, म्हणून तांबटानं चौकट काढली आणि उंबऱ्याचा दगड उपटून अंगणात उलटा टाकला.

भिवराचा हात थांबला.

दगडाच्या खालच्या बाजूला वेलबुट्टी होती. अशी कोरीव की आत्ता टाकी उचलली असावी. आणि मधोमध दगड पावलाएवढा झिजून खोल गेला होता.

भिवरा मनात म्हणाली, 'जी बाजू मातीत जाणार तिच्यावर नक्षी कोण करतं?' ती उठली आणि जवळ जाऊन बघू लागली. कडेला दाराचा खुंट फिरायची जुनी खळगी होती, आणि वेल त्या खळगीला वळसा घालून गेली होती. म्हणजे हा दगड आधी उंबरा होता. मग कोणी तरी त्यावर नक्षी करून त्याची पायरी केली, आणि त्या पायरीवर पाय देत वर्षानुवर्षं कोणी तरी चढलं. मग तो पुन्हा उंबरा झाला, पण तोंड खाली करून. पाथरवटाला दगड खोटं सांगत नाही.

तिनं दगडावर हात ठेवला. ऊन मी म्हणत होतं आणि दगड थंडगार. तिनं कान लावला. आत कोणी तरी जिना चढत होतं. एक एक पाऊल, सावकाश.

"काय गं, दगडाशी काय कानगोष्टी चालल्यात?" सगुणाबाईनं विचारलं.

"काही नाही बाई. चांगला दगड आहे," भिवरा म्हणाली. आणि तिनं पुन्हा टाकी उचलली.

पुढचे आठ दिवस ती ज्या घरी गेली तिथे उंबऱ्याखाली बोट घालून बघू लागली. कुठे उंदराचं बीळ असायचं, कुठे माती खचलेली असायची. प्रत्येक ठिकाणी बोटाला वेल लागली. मग मात्र तिला सगळा उलगडा झाला. पूर्वी कोण्या राजानं गावातल्या घरोघरचा उंबरा काढून नेला होता आणि त्या तीनशे दगडांवर आपला वाडा उभा केला होता. रोज सकाळी तो गावाच्या उंबऱ्यांवर पाय देत सिंहासनाकडे जायचा. उंबराच नाही तर कोणत्या घराबाहेर शिपाई थांबणार? आणि मग एक दिवस तीनशे घरांतून तीनशे जण आले. त्यांनी वाडा पाडला नाही की जाळला नाही. ज्यानं त्यानं आपापला दगड उचलला, घरी नेला आणि राजाचं पाऊल मातीकडे करून दारात गाडला.

आता भिवरानं काय करावं? तुम्हीच सांगा. या गावाचं ती काय देणं लागत होती? ज्या उंबऱ्यांनी तिला जन्मभर बाहेर बसवलं ते राहिले काय आणि गेले काय! असं तिनं स्वतःला तीन दिवस समजावलं. चौथ्या दिवशी रंगू आली, सातवा महिना लागलेली, पाय सुजलेले. ती पालात वाकून शिरली आणि तिथेच मटकन बसली. पाचव्या दिवशी भिवरा राजाच्या डेऱ्यावर गेली.

"सरकार, तुमच्या पंडितांनी तीनशे दालनं शोधली," ती म्हणाली. "कागदात उंबरे लिहिलेत ना? मग ते उंबरेच आहेत. घराघरात आहेत. उलटून बघा."

राजा ताडकन उठून उभा राहिला. "आणि वाडा गेला कसा? तीनशे जण आले म्हणजे काय?"

"ते मला ठाऊक नाही, सरकार," भिवरा म्हणाली. अर्धी गोष्ट तिनं सांगितली आणि अर्धी गिळली. ही एवढीच तिची शुद्ध राहिली होती म्हणा.

दुसऱ्या दिवसापासून शिपाई गावात फिरू लागले. रीतीप्रमाणे प्रत्येक उंबऱ्याबाहेर थांबायचे आणि अदबीनं म्हणायचे, "धनी, हा दगड राजवाड्याचा आहे, तुमच्या वाडवडलांकडे कसा आला कोण जाणे. सरकार परत मागतात. बदल्यात सागवानी फळी देतात." लोकांना शरम वाटली, आपले वाडवडील चोर होते की काय! कोणी म्हणालं, एक दगडच तर आहे. कोणी म्हणालं, शेजाऱ्यानं दिला, मग आपण कशाला वाईटपणा घ्या. तीनशे घरांनी तीनशे दगड आपल्या हातानं उपटून दिले. फळी काही कोणाला मिळाली नाही.

माळावर दगड आले. गवंड्यांनी नक्षी वर करून पायऱ्या रचल्या, तेवढंच त्यांचं काम. वरचा वाडा कोणी बांधला ते गवंड्यांनाही सांगता येईना. शेवटची पायरी बसवून ते भाकरी खायला ओढ्यावर गेले, तेवढ्यात माळावरची सावली उठून उभी राहिली. परत येऊन बघतात तर कमानी, सज्जे, उंच माडी, सगळं काळ्या दगडाचं. एकाच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

त्या दिवशी उन्हं कलली आणि वाड्याची सावली गावाकडे निघाली. रोजच्यासारखी दारापर्यंत आली. दारात थांबायला काही नव्हतं. ती आत शिरली.

चुलीवर शिरली, देव्हाऱ्यात शिरली. आणि ती अंगावर आली की आतलं माणूस हातातलं काम टाकून उठायचं, कमरेत वाकायचं आणि समोर कोणी नसताना मुजरा करायचं. सगुणाबाई भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातानं उठली आणि भिंतीला मुजरा केला. तांबट वाकला. सगुणाबाईच्या सासूबाईंना उठवत नव्हतं, त्या अंथरुणातच वाकल्या. दिवस मावळेपर्यंत सगळं गाव आपापल्या घरात वाकून उभं होतं, आणि कोणाला सरळ होता येत नव्हतं. शिपाई आता हाक मारत नव्हते. सरळ आत यायचे, हवं ते उचलायचे, आणि वाकलेल्या माणसांच्या मधून बाहेर जायचे.

असं रोज होऊ लागलं.

भिवराला घर मिळालं. राजानं शब्द पाळला, नाही असं नाही. दगडी भिंती, कौलारू छप्पर आणि दारात नवाकोरा उंबरा. तो भिवरानं स्वतः घडवला, हळदकुंकू वाहिलं आणि रंगूला त्यावरून आत नेलं. रंगू सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. गावात आता उंबरा असलेलं हे एकच घर होतं. उन्हं कलली की सावली यायची, उंबऱ्यापाशी घुटमळायची आणि परत फिरायची.

एके दिवशी उन्हं कलताना सगुणाबाई दारात आली. सावली तिच्या मागून गल्लीत वळत होती.

"भिवरे," ती म्हणाली, "मी आत येऊ का?"

जन्मात कोणी भिवराला हे विचारलं नव्हतं. तिनं नुसतं "ये" म्हटलं आणि पाट मांडला. सगुणाबाई बसली, दोन्ही हातांनी कंबर चाचपली आणि रडू लागली. "इथं पाठ सरळ राहते गं," ती म्हणाली. "घरात नाही राहत. पोरं हसायची विसरलीत. हे कोणी सांगितलं असेल राजाला? त्याचं तळपट होवो!" भिवराला मान वर करवेना.

बाळ पाच दिवसांचं झालं त्या दिवशी शिपाई आले. बाहेर थांबले, कारण उंबरा होता. "बाई, सिंहासनाच्या खाली एक पायरी कमी पडतेय. हा दगड पाहिजे."

"अरे, हे घर तर राजानंच दिलंय!" भिवरा म्हणाली.

"म्हणूनच तर," शिपाई म्हणाला. "जे सरकारनं दिलं ते सरकारचंच नव्हे का?"

तिनं हातापाया पडून पाहिलं. घरात ओली बाळंतीण आहे, म्हणून सांगितलं. ती "या" म्हणेना, मग त्यांनी बाहेरूनच पहार घातली. दगड तिच्या डोळ्यांदेखत गेला.

उन्हं कलली. सावली गल्लीतून आली आणि दारात न थांबता आत आली. भिवरा खाटेच्या आड बाळाला घेऊन बसली होती. सावली भिंतीवर चढली, खाटेवर आली, रंगूवर आली. रंगू खाटेवरच वाकली. मग सावली बाळावर आली. पाच दिवसांचं पोर, ज्याला अजून मान धरता येत नव्हती, डोळेही नीट उघडत नव्हते, त्याची मान पुढे झुकली आणि इवलासा उजवा हात कपाळाला लागला.

भिवरानं किंकाळी फोडली. तिचीही कंबर वाकली होती, पण जन्मभर वाकून दगड फोडणाऱ्या बाईला वाकून चालणं काय अवघड? तिनं बाळ रंगूच्या कुशीत दिलं, कोपऱ्यातली पहार उचलली आणि तशीच वाकलेली गल्लीतून निघाली. वाटेतल्या प्रत्येक दारात ती ओरडत होती, "ऐका रे! राजाला सांगितलं ते मी! घराच्या लोभानं सांगितलं! पण वाडा गेला कसा ते मी सांगितलं नाही, ते आता सांगते. ज्यानं त्यानं आपला दगड उचलला, बाकी काही नाही केलं! या, आपापला उचला!"

घराघरातून वाकलेली माणसं बाहेर आली आणि तिच्यामागून चालू लागली. सगळ्यांच्या नजरा जमिनीकडे होत्या, आणि त्या जमिनीवरच वाड्याची पहिली पायरी आली.

राजा वर सिंहासनावर बसला होता. इतकी वाकलेली माणसं येताना पाहून त्याला वाटलं, आली सगळी मुजऱ्याला! तो खुश झाला. भिवरा त्याच्या पायापर्यंत चढली आणि तिनं आपल्या दगडाखाली पहार घातली.

"ए बाई! तो दगड मी दिला होता!" राजा ओरडला.

"दिलेला परत नेलास," भिवरा म्हणाली. "मग दिलास कधी?"

दगड उचकटला आणि तिची पाठ सरळ झाली. वरचा एक सज्जा नाहीसा झाला. आवाज नाही, धूळ नाही, होता आणि नव्हता. शिपाई पुढे धावले. त्यातला एक जण मधल्याच पायरीवर थबकला आणि खाली बघत राहिला. "हा आमच्या घरचा," तो म्हणाला. "ह्या कडेचा टवका मीच उडवला होता, लहानपणी." त्यानं भाला टाकला आणि वाकून दगडाला हात घातला.

सगुणाबाई भिवरासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तुझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच, मेले. आण ती पहार इकडे. माझा दगड जड आहे, तू दुसऱ्या बाजूनं धर."

दोघींनी मिळून तो उचलला. मग पुढचा, मग त्यापुढचा. एक एक दगड निघत गेला तशी एक एक कमान विरत गेली, आणि दगड खांद्यावर घेतलेला प्रत्येक माणूस ताठ होऊन घराकडे चालू लागला. दिवस मावळायच्या आत माळावर काहीच उरलं नाही. राजा तेवढा मातीवर बसला होता. सगळे गेले, शिपाईसुद्धा गेले. त्याला वाटलं, आपणही काही तरी उचलावं आणि घरी जावं. त्यानं इकडेतिकडे पुष्कळ शोधलं. पण तीनशे एक दगडांत त्याचा असा एकही नव्हता.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: सत्तेला आपल्या दाराबाहेर थांबवणारा दगड सहसा कोणी हिसकावून नेत नाही, आपणच तो उपटून देतो. आणि शेजाऱ्याचा उंबरा देऊन आपला वाचेल, असं ज्याला वाटतं, त्याच्या दारात शिपाई सर्वांत शेवटी येतात, पण येतात.